धूमकेतूंचे प्रकार: नक्की किती आणि ठरवायचे कशावरून?

सडेकर
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी धूमकेतूंच्या प्रकारांचा तक्ता करायला घेतला आहे. बहुतेक पुस्तकांत पहिल्याच परिच्छेदात दोन खोके मिळतात. सूर्याभोवतीची फेरी २०० वर्षांच्या आत पुरी करणारे ते अल्पकालीन, त्याहून जास्त वेळ घेणारे ते दीर्घकालीन. इथवर पोरं खूश असतात. पुढे मात्र गुरूच्या कुटुंबातले, हॅलीसारखे, सूर्याला घासून जाणारे, लघुग्रहांच्या पट्ट्यातले, परक्या ताऱ्यांकडून आलेले अशी नावं येत जातात. हे सगळं एकच वर्गीकरण आहे की चार वर्गीकरणांची सरमिसळ, तेच कळत नाही.

दिवाळीत देवगडच्या सड्यावरून (कातळाच्या उघड्या माळावरून) मुलांना लेमन धूमकेतू दाखवला. आता त्यांचा एकच धोशा आहे, "सर, हा कुठल्या खोक्यात? परत कधी येणार?" जाणकारांनी सविस्तर लिहावं. परग्रहवासीयांच्या यानाचे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड कृपया इथे नकोत.

चाकरमानी_दादर
खोके हा शब्द जरा जपून वापरा हो सर, धागा भलतीकडे जाईल.
बाकी तुमच्याकडे सडा तरी आहे. आमच्या गच्चीवरून शुक्र दिसला तरी आम्ही पेढे वाटतो. वाचतोय.

अभ्यासू_कासव
सडेकर सर, सरमिसळच आहे. धूमकेतूला तीन वेगळे प्रश्न विचारले जातात: कक्षा कशी आहे, मूळ गाव कुठलं, आणि अंगात काय काय भरलंय. प्रत्येक उत्तराची वेगळी वर्गवारी होते आणि त्या एकमेकींशी जुळतातच असं नाही. पुस्तकवाले तिन्ही एका यादीत कोंबतात, तिथे गोंधळ होतो.

आधी ती २०० वर्षांची रेघ. ती निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी सोयीसाठी ओढली. पुरेशा अचूक निरीक्षणांचा इतिहास साधारण तेवढाच मागे जातो, एवढाच तिला आधार. १५३पी/इकेया-झांग हा २००२ साली दिसलेला धूमकेतू घ्या. कक्षा मागे मोजत गेल्यावर कळलं की पोलंडच्या हेवेलियसने १६६१ मध्ये पाहिलेला तो हाच. म्हणजे फेरी साडेतीनशे वर्षांच्या वर, तरी नाव मात्र नियतकालिक धूमकेतूंच्या यादीत, कारण दोन वेळा परत येताना पाहिला गेला.

मूळ गावाचा प्रश्न जास्त कामाचा आहे. १९५० मध्ये नेदरलँड्सच्या यान ओर्ट यांनी अवघ्या १९ दीर्घकालीन धूमकेतूंच्या कक्षा तपासल्या. त्यातले बरेचसे प्रचंड दूरच्या एकाच पट्ट्यातून आल्यासारखे दिसत होते आणि आकाशाच्या सगळ्या दिशांनी येत होते. त्यावरून त्यांनी सूर्यमालेला चहूबाजूंनी वेढणाऱ्या बर्फाळ गोळ्यांच्या मेघाची कल्पना मांडली, तोच ओर्ट मेघ. तो आजवर कोणी थेट पाहिलेला नाही, पण धूमकेतूंच्या कक्षा दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाहीत.

याउलट पाच-सात वर्षांनी परतणारे धूमकेतू जवळपास ग्रहांच्याच पातळीत आणि ग्रहांच्याच दिशेने फिरतात. असे धूमकेतू चहूबाजूंच्या मेघातून इतक्या संख्येने येणं कठीण. त्यांचा साठा नेपच्यूनपलीकडच्या चपट्या पट्ट्यात असावा, असं उरुग्वेच्या खुलिओ फर्नांडिस यांनी १९८० मध्ये मांडलं. त्या भागातली प्लूटोनंतरची पहिली वस्तू जूइट आणि लू यांना १९९२ मध्ये सापडली.

तुमचा लेमन, म्हणजे सी/२०२५ ए६, दीर्घकालीन खोक्यात. आत येताना त्याची फेरी साधारण १,३५० वर्षांची होती. ग्रहांच्या, मुख्यतः गुरूच्या ओढीने ती आता साडेअकराशेच्या आसपास आली आहे. मुलांना सांगा, परत येईल, पण घाई करू नका.

खाडीपलीकडची
कासवराव, सुंदर प्रतिसाद. एक शंका. अल्पकालीनांतही आणखी एक रेघ वाचली आहे: २० वर्षांच्या आतले गुरूच्या कुटुंबातले आणि २० ते २०० मधले हॅली प्रकारचे. ही रेघही माणसांनीच ओढलेली ना?

अवांतर: १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप संध्याकाळी वायव्येला दिसायचा. गुहागरला आमच्या खळ्यातून नुसत्या डोळ्यांनी धुळीची पिवळसर शेपटी लख्ख दिसायची. निळी वायूची शेपटी दिसायला मात्र डोळे अंधाराला सरावावे लागायचे. त्याच धूमकेतूला सोडियमची तिसरी शेपटीही असल्याचं तेव्हा कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणीतून कळलं. आम्हाला अर्थातच दोनच दिसल्या.

अभ्यासू_कासव
ताई, नेमकं बोट ठेवलंत. ती रेघही माणसांचीच आणि ती फसतेही. ८पी/टटल हा साडेतेरा वर्षांनी येतो, म्हणजे २०च्या नियमाने गुरूच्या कुटुंबातला ठरायला हवा. पण त्याची कक्षा ग्रहांच्या पातळीशी ५५ अंशांनी कललेली आहे. वागणं सगळं हॅलीच्या भावकीतलं.

म्हणून अभ्यासक वर्षं मोजत बसत नाहीत, तिसरांचा आकडा पाहतात. फ्रान्सच्या फेलिक्स तिसरां यांच्यापुढे प्रश्न असा होता की एखादा धूमकेतू गुरूजवळून गेला की त्याची कक्षा इतकी बदलते की पुढच्या खेपेला तो वेगळाच वाटतो, मग तोच आहे हे ओळखायचं कसं? कक्षेचा आकार, तिचा लांबटपणा आणि कल या तिघांना एकत्र बांधणारी एक राशी त्यांनी काढली. गुरूने कितीही ढकलाढकल केली तरी ती फारशी हलत नाही. फेरीची वर्षं बदलतात, हा आकडा जवळपास टिकतो.

लेव्हिसन यांनी १९९६ मध्ये याच आकड्यावर वर्गीकरण उभं केलं. आकडा २ ते ३ च्या मधे असेल तर गुरूचं कुटुंब. ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को, ज्याच्यावर रोझेटा यानाने नोव्हेंबर २०१४ मध्ये फिले हे छोटं यान उतरवलं, त्याचा २.७५ च्या आसपास. २ च्या खाली गेलं की हॅली प्रकार आणि दीर्घकालीन. खुद्द हॅलीचा आकडा उणे ०.६ आहे, कारण तो ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. टटलचा १.६, त्यामुळे त्याचा निकाल तिथेच लागला. आणि ३ च्या किंचित वर २पी/एंके, दर ३.३ वर्षांनी येणारा. तो गुरूच्या तावडीतून जवळजवळ सुटलाय, म्हणून त्याचा वेगळा एंके प्रकार करतात.

माझं मत विचाराल तर तक्त्यावर २०० आणि २० या रेघा बारीक अक्षरांत लिहा आणि तिसरांचा आकडा मोठ्या अक्षरांत.

सडेकर
परीक्षेत २०० च विचारतात हो. बारीक अक्षरांत लिहिलं तर पालक माझ्याकडे येतील. पण आकड्याची गोष्ट आवडली, नववीच्या पुढच्यांना नक्की सांगेन.

वेंगुर्ल्याचो
माका येक सांगा, शेपटी असली तर धूमकेतू, नसली तर दगड. इतक्या सोप्या गोष्टीर येवढी गजाल कित्याक?

अभ्यासू_कासव
वेंगुर्लेकर, तिथेच तर खरी गंमत आहे. १९९६ मध्ये मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात एल्स्ट-पिझारो सापडला. कक्षा शंभर टक्के लघुग्रहाची, अंगावर मात्र धुळीची शेपटी. आधी वाटलं कुणीतरी आदळून धूळ उडाली असेल. पण पुढच्या फेरीत तो सूर्याजवळ आला तेव्हा परत शेपटी फुटली. टक्कर काही दर फेरीला वेळापत्रकाने होत नाही, म्हणजे आत बर्फ असणार. तसे आणखी दोन सापडल्यावर २००६ मध्ये शिये आणि जूइट यांनी 'मुख्य पट्ट्यातले धूमकेतू' असा वेगळा वर्गच मांडला. त्यातल्या २३८पी/रीडभोवती पाण्याची वाफ जेम्स वेब दुर्बिणीला मिळाली, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. कार्बन डायऑक्साइड मात्र सापडला नाही, आणि तो धूमकेतूत अपेक्षित असतो.

उलट बाजूही ऐका. २०१० च्या डिसेंबरात शीला या लघुग्रहाभोवती एकाएकी धूळ दिसली. ती खरोखरच टकरीची होती, बर्फाचा संबंध नव्हता. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं तेव्हा त्यालाही हजारो किलोमीटरची शेपटी फुटली. तुमच्या नियमाने माणसाने एक धूमकेतू बनवला म्हणायचं.

आणि कायरन? १९७७ मध्ये चार्ल्स कोवल यांना शनीपलीकडे सापडला, लघुग्रह म्हणून क्रमांक मिळाला. पुढे त्याच्याभोवती वायूचं धुरकट आवरण दिसलं, मग धूमकेतूंच्या यादीतही ९५पी म्हणून आला. आज दोन्ही यादीत त्याचं नाव आहे आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. असल्या गुरू-नेपच्यूनमधल्या भटक्यांना सेंटॉर म्हणतात. गुरूच्या कुटुंबात येण्याआधी अनेक धूमकेतू याच टापूतून येतात.

वेंगुर्ल्याचो
बरां, गजाल मोठी आसा खरी. चालू देत.

मतलई
मी हर्णैचा. नावांबद्दल विचारतो. सी, पी, ए६, एफ३ हे काय गौडबंगाल आहे? आमच्या बोटींच्या नाळेवरचा नंबर वाचला की राज्य कुठलं, बोट यांत्रिक की बिगरयांत्रिक हे कळतं, तसं काही आहे का यात?

अवांतर: त्या नंबरात एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांचंही एक अक्षर हवं. पश्चिमेचा काळोख त्यांनी खाल्लाय. लेमन बघायला आम्हाला क्षितिजापासून हातभर वर बघावं लागलं.

खाडीपलीकडची
मतलईदादा, आहे की. हे मला येतं, कासवरावांना जरा श्वास घेऊ दे.

पहिलं अक्षर जात सांगतं. पी म्हणजे २०० वर्षांच्या आतला, किंवा एकाहून जास्त खेपांना पाहिलेला. सी म्हणजे यातला नव्हे असा. डी म्हणजे हरवलेला किंवा नष्ट झालेला. एक्स म्हणजे जुन्या नोंदी अशा तुटपुंज्या की कक्षाच काढता येत नाही. ए म्हणजे धूमकेतू समजून नाव दिलं पण निघाला लघुग्रह. आय म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला.

पुढे सापडल्याचं वर्ष, मग पंधरवडा. ए म्हणजे जानेवारीचा पहिला, बी म्हणजे दुसरा, असं करत वायपर्यंत चोवीस पंधरवडे. मधला आय गाळतात, एकशी घोटाळा होतो म्हणून. शेवटी त्या पंधरवड्यात कितवा. लेमन ए६, म्हणजे २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नोंदलेला सहावा. ही पद्धत १९९५ पासूनची आहे, जुन्यांनाही मागाहून लावली. पी वाला परत येऊन पक्का झाला की पुढे कायमचा क्रमांक लागतो. हॅली १पी, एंके २पी.

डीमधला ३डी/बिएला मला सगळ्यात आवडतो. १८४६ मध्ये डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले, १८५२ मध्ये दोन्ही तुकडे परत आले, त्यानंतर गायब. १८७२ मध्ये पृथ्वीने त्याची वाट ओलांडली तेव्हा उल्कांचा पाऊस पडला. आणि जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळलेला शूमेकर-लेव्ही ९, तोही डी. त्याच्या नोंदीत डी लावताना कुणाला शंका आली नसेल.

पंचांगप्रेमी
इथे सगळे पाश्चात्त्यांचेच दाखले. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचार म्हणून पूर्ण अध्याय लिहिलाय. त्यात केतूंचे तीन प्रकार आहेत: दिव्य, आंतरिक्ष आणि भौम. मग शेपटीचा रंग, आकार, दिशा यावरून किती तरी पोटप्रकार. वर्गीकरण आपण आधी केलं, हे मान्य करायला हरकत नाही.

अभ्यासू_कासव
पंचांगप्रेमी, मान्य करतो, आणि आनंदाने. केतू एकशे एक, हजार, की एकच केतू अनेक रूपांत दिसणारा, असे तिन्ही पक्ष तो नोंदवतो. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते त्याचं पहिल्या श्लोकांतलंच म्हणणं, की केतूंचं दिसणं आणि मावळणं गणिताने कळू शकत नाही. ग्रहांची गणितं मुखोद्गत असलेला माणूस इथे गणित चालत नाही असं सरळ लिहितो, याला धैर्य लागतं.

पण फरकही पाहा. ती वर्गवारी दिसण्यावर आणि फळावर आहे. आजची कक्षेवर आहे, आणि कक्षा काढता येते हे १७०५ मध्ये हॅलीने दाखवलं. १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू एकच, आणि तो १७५८ च्या सुमारास परतेल, असं त्याने सांगितलं. त्या वर्षीच्या नाताळात जर्मनीतल्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला तो सापडला. हॅली १७४२ मध्येच वारला होता.

चाकरमानी_दादर
महाराज गेले त्या वर्षी मोठा धूमकेतू दिसला होता म्हणतात, तो कुठला? शाळेच्या ग्रुपवर दरवर्षी येतं हे.

खाडीपलीकडची
वर्ष तेच, महिना वेगळा. महाराजांचं निर्वाण एप्रिल १६८० चं आणि तो धूमकेतू जर्मनीत किर्शला सापडला नोव्हेंबर १६८० मध्ये. त्याच धूमकेतूच्या मार्गावरून न्यूटनने आपलं गणित पडताळलं होतं. फॉरवर्ड पाठवणाऱ्याला महिने दाखवा.

तो सूर्याच्या अगदी जवळून गेला होता, यावरून आठवलं. सूर्याला घासणारे हा वेगळा प्रकार धरायचा का, कासवराव?

अभ्यासू_कासव
वेगळी जात नव्हे, वेगळं लक्षण. सूर्याच्या फार जवळून जाणारा धूमकेतू कुठल्याही कुळातला असू शकतो. २०१३ चा आयसॉन ओर्ट मेघातून पहिल्यांदाच आत आलेला होता, नोव्हेंबरात सूर्यापाशी विरघळला.

पण त्यांत एक खरी भावकी आहे, क्रॉइट्स गट. १८४३, १८८० आणि १८८२ चे महाधूमकेतू जवळपास एकाच कक्षेत येऊन गेले. हे सगळे एका जुन्या मोठ्या धूमकेतूचे तुकडे, असं हाइनरिश क्रॉइट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवलं. याच गटातला १९६५ चा इकेया-सेकी सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरच्या आसपास गेला आणि भर दिवसा दिसला. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या छायाचित्रांत मार्च २०२४ पर्यंत ५,००० धूमकेतू सापडले, त्यातले बहुतेक याच गटातले. ते शोधणारे बरेचसे घरी संगणकासमोर बसलेले हौशी लोक आहेत. सडेकर सर, हे काम तुमची मुलंही करू शकतात, त्याला सडा लागत नाही आणि ढगही आड येत नाहीत.

नवखा_दुर्बीणवाला
ढगांचं नाव काढलंत! जुलै २०२० मध्ये निओवाइज, कोकणात बघणार कोण? ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अॅटलस, परतीच्या पावसाने दोन संध्याकाळी सोडल्या तेवढ्याच. तोही लेमनसारखाच दीर्घकालीन ना? मग त्याच्या परतीचा आकडा कुठेच का मिळत नाही?

अभ्यासू_कासव
कारण दीर्घकालीन हा खोकाही एकसंध नाही. लेमन आधी येऊन गेलेला, परतीचा प्रवासी. त्सुचिनशान-अॅटलस बहुधा पहिल्यांदाच आत आला. त्याची विकेंद्रता (कक्षेचा लांबटपणा मोजणारा आकडा) १ पेक्षा किंचित जास्त भरली, म्हणजे कक्षा बंद होत नाही, तो परत येईलच असं नाही.

इथेच लोक घसरतात. विकेंद्रता १ च्या वर गेली म्हणजे तो परका, असं नाही. १९८० चा बोवेल गुरूजवळून गेला आणि त्याची विकेंद्रता १.०५७ झाली. जन्म इथलाच, गुरूने हाकलून दिला. खरा परका ओळखायचा तर आत येतानाच वेग जास्त हवा. अशांची विकेंद्रता पाहा: २०१७ चा ओमुआमुआ १.२, २०१९ चा बोरिसोव्ह ३.३६, आणि चिलीतल्या अॅटलस दुर्बिणीला १ जुलै २०२५ ला सापडलेला ३आय तर ६ च्याही वर. यान-बिन काही नाही. त्याच्याभोवती वायू आहे, धूळ आहे, आणि पाण्याच्या मानाने कार्बन डायऑक्साइड कितीतरी जास्त आहे. तेच तर कुतूहलाचं.

यावरून तिसरी वर्गवारी, अंगात काय आहे ती. ती अजून बाल्यावस्थेत आहे. १९९५ मध्ये एहर्न आणि सहकाऱ्यांनी ८५ धूमकेतूंचा प्रकाश तपासून दोन गट केले, नेहमीचे आणि कार्बन साखळ्या कमी असलेले. कमीवाल्यांत बहुतेक गुरूच्या कुटुंबातले, पण त्या कुटुंबातले सगळेच तसे नाहीत. डोक्याचा हिरवा रंग कार्बनच्या जोडरेणूंमुळे येतो, त्यामुळे कार्बन कमी तर हिरवेपणा फिका. ९६पी/माखहोल्झ तर कुठल्याच गटात बसत नाही, त्यात सायनोजेन फारच कमी. आणि पाण्याची गोष्ट आणखी अवघड: रोझेटाच्या पहिल्या मोजमापात ६७पीच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण समुद्राच्या तिप्पट, तर १०३पी/हार्टलीचं समुद्राशी जुळणारं. दोघेही एकाच कुटुंबातले. कक्षा पाहून पोटातलं ओळखता येत नाही.

सडेकर
मग तक्त्याला एक बाजू पुरणार नाही. समोर कक्षा, मागे घटक असं करतो, आणि कायरनला दोन्ही बाजूंना चिकटवतो.

एखाद्या भारतीयाचं नाव धूमकेतूला आहे का? मुलं हमखास विचारतात.

खाडीपलीकडची
आहे. वेणू बाप्पू हार्वर्डला शिकत असताना १९४९ मध्ये त्यांना एक सापडला, बाप्पू-बोक-न्यूकर्क. दीर्घकालीन. तक्त्यावर त्याला ठळक जागा द्या.

नवखा_दुर्बीणवाला
आणि गुरूच्या कुटुंबातला एखादा लवकर बघायला मिळेल का? तिसरांचा आकडा वगैरे वाचून आता उत्सुकता वाढलीये.

अभ्यासू_कासव
१०पी/टेंपल. फेरी साधारण ५.४ वर्षांची, सूर्याजवळ येणार २ ऑगस्ट २०२६ ला, पृथ्वीच्याही जवळ त्याच सुमारास. नुसत्या डोळ्यांना दिसण्याची आशा ठेवू नका, दुर्बीण लागेल.

मतलई
ऑगस्टात! ढगांच्या वर कुणाचा सडा असेल तर सांगा.

नवखा_दुर्बीणवाला
१२ तारखेला आषाढी अमावस्या आहे. उघडीप मिळाली तर काळोख तरी छान असेल.

चाकरमानी_दादर
गटारी! त्या रात्री सड्यावर प्रत्येकाला दोन-दोन धूमकेतू दिसतील, बिएलासारखे.